घणाआधी भट्टी, भट्टीआधी छप्पर

पत्र: काका, मी गुहागर तालुक्यातला, वय 26. आयटीआयला फिटर केलं, चार वर्षं पुण्याजवळ एका कंपनीत काढली आणि आता गावी परत आलोय. सुऱ्या बनवायचं वेड आहे. अँगल ग्राइंडर आणि कानशीवर आजपर्यंत नऊ सुऱ्या केल्या, पाच विकल्या. मागीलदारी गोठा रिकामा पडलाय, तिथे स्वप्नातली कार्यशाळा उभी करायचीय. यादी अशी: पॉवर हॅमर, 100 किलोची ऐरण, हायड्रॉलिक प्रेस, दमास्कससाठी गॅसची भट्टी, दोन इंच बाय बहात्तर इंचांचा बेल्ट ग्राइंडर, मिलिंग मशीन आणि जमलं तर इलेक्ट्रिक फर्नेस. सव्वा लाख साठलेत. बाकीसाठी आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. सुरुवात कुठून करू? आणि आपल्या खाऱ्या हवेत ही यंत्रं टिकतील का?

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नऊ सुऱ्या केल्यास आणि पाच विकल्यास, म्हणजे हात बसायला लागलाय. म्हणून तुला मी नवख्यासारखं उत्तर देणार नाही. यादीतली एकही वस्तू फालतू नाही, पण क्रम पार उलटा लागलाय. जे शेवटी, 'जमलं तर' म्हणून लिहिलंयस, ते सगळ्यात आधी हवं.

पॉवर हॅमर कुणाला लागतो? जाड गोळा ठोकून लांबवायचा असेल, थरावर थर जोडून दमास्कस करायचं असेल, त्याला. तू तीन-चार मिलिमीटरची पट्टी घेऊन ती घासून आकार देतोस. ती पट्टी तयार मिळते. शिवाय हॅमरला घरापासून सुटा, स्वतःचा पाया लागतो. तुझा गोठा जांभ्या चिऱ्यांचा असणार आणि वर कौलं. रोजच्या ठोक्यांनी आधी कौलं सरकतील, मग चिऱ्यांचे सांधे बोलायला लागतील. वाडीतली माणसं दुपारी पडलेली असतात, त्यांचंही बघायला हवं. प्रेस आणि दमास्कसची भट्टी त्याच कारणाने मागे जाते. मिलिंग मशीन तर आठवड्याला दहा सुऱ्या जायला लागेपर्यंत विसर. बोल्स्टरची (मूठ आणि पातं यांच्यामधल्या धातूच्या तुकड्याची) खाच फिटरच्या हाताने कानशीवर निघते, आणि तू फिटर आहेस.

आता मुद्द्याचं. पातं धार धरतं की नाही, हे ठरतं त्याला पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करताना. ग्राइंडर आकार देतो, चकाकी देतो, पण पोलादाच्या आत काय घडायचं ते उष्णतेत घडतं. साधं कार्बन पोलाद तापवत नेलं की साधारण 770 अंश सेल्सिअसला लोहचुंबक त्याला धरेनासा होतो. त्यापुढे अजून थोडं, 800 ते 830 अंशांपर्यंत न्यायचं, क्षणभर तिथे ठेवायचं आणि तेलात बुडवायचं. कमी पडलं तर पातं मऊ राहतं. फार वर गेलं तर आतला कण वाढतो आणि पातं काचेसारखं तुटतं. त्यानंतर 200 अंशांच्या आसपास दोनदा, दर वेळी दोन तास, टेंपरिंग, म्हणजे हलकी आच देऊन ठिसूळपणा काढणं. इतकंच, पण या 'इतकंच'मध्ये सगळी सुरी असते. मी स्वतः पहिल्या वर्षी पैसे ग्राइंडरला घातले आणि उष्णता डोळ्यांच्या भरवशावर सोडली. आरशासारखी सुरी घेऊन गेलेली एक बाई पंधरा दिवसांनी परत आली. टोकापासून इंचभर पातं गेलेलं, तेही फणसाची आठळी कापताना. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून माझ्याकडे अंदाजाने पाणी दिलं जात नाही.

कोकणात यात आणखी एक पेच आहे. तुझं गिऱ्हाईक कोण? मासे कापणारी, कोकम फोडणारी, कैरी चिरणारी, फणसाच्या चिकात हात घालणारी माणसं. मीठ, आंबट आणि दमट हवा, तिन्ही एकाच पात्यावर. कार्बन पोलाद कोकमाने तासाभरात काळं पडतं आणि धुऊन न पुसता ठेवलं तर सकाळी तांबूस झालेलं असतं. जाणकार माणूस ते सांभाळतो, बाकीचे स्टेनलेस मागतात. सुरीच्या स्टेनलेसला पाणी द्यायला साधारण 1050 अंश लागतात, आणि तेही काही मिनिटं स्थिर. कोळशाच्या भट्टीत, डोळ्यांनी रंग बघून, हे होत नाही. होतं म्हणणाऱ्याची सुरी घेऊ नकोस. म्हणून तुझ्या स्वप्नातली पहिली मोठी खरेदी इलेक्ट्रिक फर्नेस: 1200 अंशांपर्यंत जाणारी, आतून निदान 40 सेंटीमीटर लांब, पीआयडी कंट्रोलर (आच स्थिर ठेवणारं यंत्र) आणि के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेली. वरून उघडणाऱ्या दारापेक्षा पुढून उघडणारं दार घे, म्हणजे पातं चिमट्याने चटकन निघतं. स्टेनलेसचं पातं स्टेनलेसच्याच पातळ फॉइलमध्ये गुंडाळून आत घालायचं आणि बाहेर काढून ॲल्युमिनियमच्या दोन जाड प्लेटांमध्ये दाबायचं. तेल नाही, भडका नाही, आणि पातं वाकायची भीतीही कमी.

अशी तीन किलोवॅटची फर्नेस 230 व्होल्टला 13 अँपिअर खेचते. गोठ्यातल्या दिव्याच्या वायरीवर ती चालवायची नाही. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा) आणि चांगलं अर्थिंग. हे शेवटचं नीट ऐक. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्डा खोल घे, कोळसा-मीठ भर, नळी वर काढून ठेव आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात पाणी ओत. अर्थिंग मोजून घे, तोंडी भरवशावर राहू नकोस.

पण फर्नेसच्याही आधी गोठा. मिरगाला अजून दीड महिना आहे, तेवढ्यात हे आटपायला हवं. गोठ्याची वरची वीतभर माती खणून बाहेर टाक. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेल्या जमिनीत क्षार साठतात, ते हवेतली ओल ओढतात आणि त्या खोलीत लोखंड लवकर गंजतं. वर मुरूम-खडी, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद आणि मग कोबा. छपरावर नुसता पत्रा नको, रात्री आतून घाम फुटतो आणि थेंब थेट ग्राइंडरवर पडतात. कौलं असतील तर ती ठेव, फुटकी बदल. एक कोपरा मुद्दाम काळोखा ठेव, तिथे कोळशाची भट्टी बसेल. पडवीतल्या उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कधीच खरा दिसत नाही, आणि सकाळी बरोबर वाटलेला लाल दुपारी फसवतो. भट्टीजवळचा चिरा आतून ओला असेल तर तापल्यावर तडकतो, म्हणून तिथे चिऱ्यावर मातीचा लेप किंवा भट्टीच्या विटा हव्यात. आणि झावळ्या, पेंढा, नारळाची सोडणं यांतलं काही भट्टीच्या दहा हातांत नको.

तेलाबद्दल इथेच सांगतो. पाणी द्यायला शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल, पन्नासेक अंशांवर कोमट केलेलं. उंच, लोखंडी, झाकणाचा डबा, बुडाला रुंद. गाडीचं जळकं तेल वापरू नकोस, त्याचा धूर छातीत जातो. पातं पूर्ण आत गेलं नाही तर तेल पेटतं. तेव्हा झाकण टाकायचं, पाणी कधीच नाही. झाकण डाव्या हाताला, रोज त्याच जागी.

कोळशाची भट्टी मात्र लगेच कर, तिला खर्च नाही. चिऱ्याचा ओटा, मातीचा लेप, खालून नळी आणि छोटा ब्लोअर. जळण घरात आहेच: नारळाच्या करवंट्या. बंद डब्यात भाजून त्यांचा कोळसा केलास तर तो दगडी कोळशापेक्षा स्वच्छ जळतो, गंधक नाही, आणि वारा दिलास की हवी तेवढी आच देतो. कमान-पाट्याच्या पोलादावर या भट्टीत शिक. ट्रकच्या पाट्यात बहुधा ईएन 45 जातीचं सिलिकॉन-मँगनीज पोलाद असतं, कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का. तेलात पाणी छान घेतं आणि चिवट राहतं. कोयत्याला उत्तम, किचनच्या बारीक सुरीला मध्यम. पण पाटा जुना असेल तर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, म्हणून विकायच्या सुरीला नवी पट्टी आण, पोलादाची जात लिहिलेली.

आणि बंदरावरच्या भंगाराचा मोह टाळ. होडीच्या साखळ्या, शॅकल, नांगराची कडी यांवर जस्त चढवलेलं असतं. ते भट्टीत घातलंस तर पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. ट्रॉलरच्या पंख्याचा शाफ्ट दिसायला झकास, पण तो बहुधा पाणी न घेणारा स्टेनलेस असतो. त्याची सुरी चमकेल, कापणार नाही.

आता एक काम, ज्याला पैसे लागत नाहीत. तुमच्या किंवा शेजारच्या गावात कोयते, पारळ, विळ्या करणारा लोहार अजून असेल. त्याच्याकडे आठ दिवस जाऊन बस. भाता मार, घण मार, चहा आण. कमरेच्या आकडीत लटकवायच्या कोयतीची पाठ तो जाड का ठेवतो, धारेला पाणी देऊन पाठ मऊ का सोडतो, आडाळ्याच्या (बसून चिरायच्या विळीच्या) पात्याचा बाक कुठून सुरू करतो, हे कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. त्याला अंशांचे आकडे ठाऊक नसतील, पण त्याचा कोयता वीस वर्षं माडावर चढतोय. त्याच्या डोळ्यांतलं आणि तुझ्या कंट्रोलरवरचं एकमेकांशी ताडून बघ. मी हे फार उशिरा केलं, त्याची मला खंत आहे.

ऐरण 100 किलोची हवीच असं नाही. रुळाचा तुकडा चालतो, फक्त तो आडवा न ठेवता उभा पुरायचा, म्हणजे घणाच्या खाली सगळं वजन येतं. मीटरला 60 किलोच्या रुळाचा फूटभर तुकडा अठरा किलोंचा भरतो आणि माथा सात सेंटीमीटर रुंद मिळतो. आपल्या कामाला पुरे. पण तो बिल देणाऱ्या भंगारवाल्याकडूनच घे. कोकण रेल्वे दाराशी आहे म्हणून कुणीतरी 'आणून देतो' म्हणेल. रेल्वेची मालमत्ता विनापरवाना बाळगणं हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विकत घेणाराही त्यात सापडतो. रूळ नाही मिळाला तर मुंबईच्या दारूखान्यात जाड गोल शाफ्टचे तुकडे वजनावर मिळतात.

हाताच्या हत्यारांवर कंजुषी नको. शेगडा (काम पकडून ठेवणारा व्हाइस) पाच इंची, तोही जड, कारण सगळं आयुष्य त्यापुढे उभं राहायचंय. कानशी बारा इंची, जाड दात्यांच्या बास्टर्डपासून बारीक दात्यांच्या स्मूथपर्यंत, दर जातीच्या दोन-दोन. कानस तर आपल्या जिल्ह्यातच बनते, रत्नागिरीत जेके फाइल्सचा कारखाना आहे. एक नवी कानस घासायला न वापरता वेगळी ठेव: पाणी दिलेल्या पात्यावर ती घसरली तर पातं कडक झालं, चावली तर नाही. ड्रिल प्रेस जुनी चालेल, पण तिचा स्पिंडल हलवून बघ.

बेल्ट ग्राइंडर दुसरी मोठी खरेदी, फर्नेसनंतर. इथे तुझी निवड बरोबर आहे, त्याच मापाचा घे. दोन हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर आणि तिला घरच्या सिंगल फेजवर चालवणारा, वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी. 1440 फेऱ्यांच्या मोटरवर 15 सेंटीमीटरचं चाक लावलंस तर पट्टा मिनिटाला 680 मीटरच्या आसपास धावतो. खरबडीत काढायला मस्त, पण पाणी दिल्यानंतर धारेकडे जाताना एवढा वेग म्हणजे पातं निळं पडलंच. धार निळी झाली की टेंपर गेलं, मग फर्नेसमधली सगळी मेहनत पाण्यात. व्हीएफडीने वेग पाव करता येतो, त्यासाठीच तो घ्यायचा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा साधी मोटर गरम होऊन जळते. व्हीएफडी निदान ट्रिप होतो. तो मात्र धूळबंद डब्यात ठेव. लोखंडाची भुकटी आणि खारी हवा मिळून सर्किटचा घास घेतात.

ग्राइंडरवर लोखंड आणि लाकूड दोन्ही घासणार असशील तर खालची धुळीची बादली वेगवेगळी. लाकडाच्या भुशात ठिणगी पडून तासाभराने बादली पेटल्याचं मी ऐकलं आहे, आणि माझ्याकडे ती एकदा धुमसलीही. तोंडाला रुमाल नव्हे, पार्टिक्युलेट फिल्टरचा रबरी मास्क. शिसवीची धूळ पुष्कळांना बाधते.

आता तुझा दुसरा प्रश्न, गंज. यंत्रं टिकतात, पण आगोट केली तर. घरात आपण लाकडं, मसाले, सुकी मासळी भरतो तशीच कार्यशाळेची आगोट असते. मे संपायच्या आत ऐरणीचा माथा, ड्रिलचा स्पिंडल, शेगड्याचा स्क्रू यांना ग्रीस. पट्टे कापडी पाठीचेच घे, कागदी पाठीचे जुलैत मऊ पडतात, आणि ते झाकणाच्या पिंपात ठेव. तयार पाती आणि मापाची हत्यारं एका लाकडी कपाटात, तळाशी 40 वॅटचा जुन्या तऱ्हेचा दिवा रात्रंदिवस जळता. आतली हवा बाहेरपेक्षा थोडी गरम राहिली की ओल बसत नाही. दिवे गेले तर? निसर्ग वादळानंतर, जून 2020 मध्ये, मंडणगड-दापोलीकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा वेळेसाठी कपाटात मातीच्या भांड्यात कळीचा चुना ठेव, अर्ध्याहून कमी भरलेला, कारण तो ओल ओढून फुगतो. त्याला ओल्या हाताने शिवू नकोस. पात्यांना मी मुठेल लावतो. कोकमाचं ते तेल थंडीत घट्ट राहतं, पुसून जात नाही, आणि खाण्याच्या सुरीला चालतं. नारळाचं तेल दोन दिवसांच्या बेगमीला ठीक.

मुठीसाठी सागाचे, शिसवीचे, फणसाचे कापतुकडे सुतारांकडे मिळतात. खैर सुंदर दिसतो, पण तो तोडायला वन खात्याची परवानगी लागते, म्हणून बिलाचा असेल तरच. एकदा सावंतवाडीला चितार आळीत जा आणि लाकडी खेळणी करणाऱ्यांचा हात बघ. मुठीचा गोलावा कुठे संपवायचा ते तिथे कळेल. लाकडाला जवसाचं तेल दे. होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल मुठीला कुणी सुचवलं तर ऐकू नकोस, हाताची कातडी सोलून निघते.

कायद्याचं थोडक्यात: शस्त्र नियम, 2016 मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. तू कोयते, विळ्या, किचनच्या सुऱ्या करतोस, तेच कर. खंजीर, तलवारीची ऑर्डर आली तर नाही म्हण. प्रत्येक ऑर्डर वहीत लिहून ठेव.

राहिल्या आईच्या पाटल्या. त्या पेटीतच राहू देत. सव्वा लाखात गोठा, वायरिंग, शेगडा, कानशी आणि फर्नेस यांकडेच आधी बघ. ग्राइंडरची चौकट तू फिटर आहेस, स्वतः जोडू शकतोस, फक्त मोटर, चाकं आणि व्हीएफडी विकत घ्यायचे. पुढच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना बघ. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहारकाम आणि हत्यारं बनवणं दोन्ही आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, आणि तारणाशिवाय आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने. कुटुंबातल्या एकालाच मिळतं आणि व्यवसाय आधीपासून चालू असावा लागतो, म्हणून पाच विकलेल्या सुऱ्यांच्या पावत्या आणि फोटो जपून ठेव. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत.

हे सगळं करायच्या आधी, याच आठवड्यात, एक काम कर. ज्या पोलादाच्या सुऱ्या केल्यास त्याच्याच बोटभर रुंद चार पट्ट्या काप. करवंटीच्या कोळशात तापव. पहिली लोहचुंबक सोडल्या सोडल्या तेलात घाल. बाकीच्या प्रत्येकीला आधीच्यापेक्षा थोडी जास्त आच. टेंपरिंग करू नकोस. डोळ्यांना गॉगल लाव, पट्टी शेगड्यात धरून कापडात गुंडाळ आणि हातोड्याने मोड. मोडलेल्या तोंडाकडे उन्हात बघ. आत रव्यासारखा चमकता दाणा दिसला तर आच फार झाली. मऊ, राखाडी, फुटलेल्या कपबशीच्या कडेसारखं दिसलं तर ती आच बरोबर. चौघींचे तुकडे क्रमाने मांडून फोटो काढ आणि मला पाठव. तुझ्या आधीच्या नऊ सुऱ्यांना कसं पाणी गेलं असेल ते त्यावरून मला सांगता येईल, आणि मग फर्नेसचं माप ठरवू.